मैलापूरचा मठ आणि तेवता दिवा

चेन्नईला गेल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण मैलापूरच्या कपालीश्वराचे दर्शन घेतात, तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरात जातात आणि स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये ज्या वास्तूत राहिले ते मरीना किनाऱ्यावरील विवेकानंद इल्लम पाहतात. याच मैलापूरच्या परिसरात फार पूर्वी ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ होता, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. त्या मठाची एकही भिंत आज उभी नाही. तिथे राहणाऱ्या संन्याशांची नावे, त्यांची गुरुपरंपरा, त्यांचे ग्रंथ, यांतले काहीही तिथे उरलेले नाही. तरीही त्या मठाशी जोडलेल्या जागी आजही माणसे गुडघे टेकतात.

हे कसे घडले? मठ मोडतो, तेव्हा त्यातली साधना कोण पुढे नेतो? या प्रश्नाच्या अनुषंगाने आपण या स्थानाचा अभ्यास करणार आहोत. शेवटी तिथे आज कसे जावे, हेही पाहू.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

कोणत्याही तीर्थाचा अभ्यास करताना तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात. पहिली म्हणजे परंपरा, पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलेली कथा. दुसरी म्हणजे नोंद, कुणीतरी पाहून किंवा ऐकून लिहून ठेवलेला मजकूर. तिसरी म्हणजे वस्तू, आजही हाताला लागणारा दगड, शिलालेख, पायरी. तिन्हींचे मोल वेगवेगळे आहे. परंपरेला नोंद समजलो तर आपण भोळे ठरतो. नोंद नाही म्हणून परंपरेला खोटे म्हटले तर लाखो माणसांच्या श्रद्धेचा अकारण अवमान करतो. साधकाने दोन्ही टाळावे. म्हणून मैलापूरची कहाणी आपण या तीन पायऱ्यांनीच समजून घेऊ.

परंपरा काय सांगते

केरळमधील प्राचीन ख्रिस्ती समाज स्वतःला संत थॉमसचे अनुयायी म्हणवतो. मराठी बायबलमध्ये ज्यांचे नाव ‘थोमा’ असे येते, तेच हे येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. परंपरेनुसार ते इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले, पुढे पूर्व किनाऱ्यावर मैलापूरला आले, आणि इसवी सन ७२ मध्ये आजच्या सेंट थॉमस माऊंट या टेकडीवर भाल्याने त्यांचा वध झाला. त्यांचा देह मैलापूरच्या किनाऱ्याजवळ पुरला गेला. नंतर त्यांच्या अस्थी पश्चिम आशियातील एडेसा या नगरात नेल्या गेल्या, असे मानतात.

थॉमस यांच्या भारतातील कार्याची सर्वांत जुनी ग्रंथरूप कथा तिसऱ्या शतकातील सिरियाक भाषेतल्या एका ग्रंथात आहे. ती मात्र त्यांना वायव्येकडील गोंडोफरनीस राजाच्या दरबारात नेते. हा राजा पहिल्या शतकात खरोखर होऊन गेला, हे त्याच्या नाण्यांवरून सिद्ध झाले आहे. तरीही दक्षिणेतील आगमनाची कथा ही परंपराच आहे, आणि तिला परंपरा म्हणूनच आदराने ऐकावे.

नोंदी काय सांगतात

आता लिहून ठेवलेल्या मजकुराकडे वळू. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या सागरी प्रवासाविषयी लिहिले. श्रीलंकेत आणि मिरी पिकते त्या मलबारमध्ये ख्रिस्ती लोक आहेत असे तो सांगतो, आणि ‘कॅलियाना’ या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप असतो, अशीही नोंद करतो. अनेक अभ्यासक या कॅलियानाला आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याण मानतात. म्हणजे ज्या इराणी ख्रिस्ती परंपरेने मैलापूरला मठ वसवला, तिची एक शाखा त्याच काळात उल्हास नदीच्या काठीही असावी.

त्याच शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील टूर्स या शहराचे बिशप ग्रेगरी यांनी थिओडोर नावाच्या एका प्रवाशाचे कथन नोंदवले. भारतात जिथे थॉमस यांचा देह आधी विसावला होता, त्या ठिकाणी एक मठ आणि एक भव्य, सुशोभित मंदिर आहे, असे थिओडोरने त्यांना सांगितले. थिओडोर तिथे स्वतः गेला होता. गावाचे नाव तो देत नाही, पण बहुतेक अभ्यासक ही जागा मैलापूरच मानतात. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या समाधीपुढे एक दिवा अहोरात्र तेवत असे. त्यात कोणी तेल घालत नसे, वात लावत नसे, आणि वाऱ्यानेही तो विझत नसे.

हा दिवा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या भागाविषयी लिहितो. थॉमस यांची समाधी एका लहानशा गावात आहे, तिथे व्यापारी फारसे जात नाहीत, पण ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही यात्रेला येतात, असे तो सांगतो. भाविक तिथली तांबडी माती घेऊन जात आणि तापाने आजारी पडलेल्याला पाण्यातून देत. चौदाव्या शतकात ओडोरिक हा इटालियन संन्यासी आला. त्याला चर्चच्या शेजारी पूर्वेकडील संप्रदायाच्या ख्रिस्ती लोकांची फक्त पंधराएक घरे दिसली. सहाव्या शतकातल्या भव्य मठाचे चौदाव्या शतकात एवढेच उरले होते.

आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज लेखक जे लिहितो, ते या सगळ्या अभ्यासाचे हृदय आहे. चर्च मोडकळीला आले होते. ख्रिस्ती वस्ती जवळजवळ संपली होती. त्या पडक्या वास्तूची देखरेख एक गरीब मुसलमान करत असे. तो यात्रेकरूंकडे भिक्षा मागे, आणि त्या भिक्षेतून तिथे रात्री दिवा लावला जाई.

हजार वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. एका नोंदीत तेलाशिवाय जळणारा चमत्काराचा दिवा आहे. दुसरीत परधर्मातल्या एका गरिबाने मागून आणलेल्या तेलावर जळणारा दिवा आहे. आपण साधक म्हणून कोणत्या दिव्यापुढे अधिक नम्र व्हावे? पहिला दिवा श्रद्धेचा विषय आहे, त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. पण दुसरा दिवा आपल्या आवाक्यातला आहे. त्याला चमत्कार लागत नाही. रोज संध्याकाळी उठून जाणारा एक माणूस लागतो.

हे संन्यासी कोण होते

‘ऑर्थोडॉक्स’ हा शब्द आपण बोलताना ‘जुन्या विचारांचा’ अशा अर्थाने वापरतो. ख्रिस्ती परंपरेत मात्र तो पूर्वेकडील प्राचीन चर्चच्या नावात येतो आणि त्याचा अर्थ ‘योग्य मत, योग्य उपासना’ असा आहे. मैलापूरचे संन्यासी इराण आणि मेसोपोटेमियात पसरलेल्या पूर्व सिरियाक चर्चचे असावेत. काटेकोर अर्थाने हा संप्रदाय आजच्या ऑर्थोडॉक्स चर्चहून वेगळा होता, पण केरळमधील आजच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स समाजाची पाळेमुळे याच जुन्या सिरियाक परंपरेत आहेत. या चर्चच्या उपासनेची भाषा सिरियाक होती, म्हणजे येशू बोलत त्या अरामी भाषेचीच एक बोली. मठातील दिनक्रम ठरलेल्या प्रहरांच्या प्रार्थनांनी बांधलेला असे. आपल्याकडच्या काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतच्या क्रमाशी परिचित असलेल्या माणसाला ही शिस्त परकी वाटणार नाही.

वस्तू काय सांगते: टेकडीवरचा क्रूस

१५४७ मध्ये पोर्तुगीज सेंट थॉमस माऊंटवर चर्चचा पाया खणत होते. तेव्हा मातीतून एक कोरीव शिळा निघाली. तिच्यावर दोन खांबांवर पेललेली कमान, कमानीखाली क्रूस, त्याच्या माथ्यावर खाली झेपावणारे कबुतर आणि पायथ्याशी पाकळ्यांसारखी पाने आहेत. क्रूसावर येशूची आकृती नाही. कमानीवर एक लेख कोरला आहे. हीच शिळा आज टेकडीवरील चर्चच्या वेदीवर आहे.

तो लेख पहलवी लिपीत आहे, म्हणजे प्राचीन इराणच्या मध्ययुगीन भाषेच्या लिपीत. तज्ज्ञांनी तो साधारण सहाव्या ते नवव्या शतकांच्या दरम्यानचा मानला आहे. त्याच्या वाचनाचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात मुंबईच्या पारशी पंडितांचाही वाटा आहे. कारण पहलवी ही पारशी धर्मग्रंथांचीही भाषा. अलीकडच्या वाचनांनुसार तो एक छोटासा प्रार्थनालेख आहे. ज्याने हा क्रूस करवून घेतला किंवा आणला, त्याच्यावर प्रभूने दया करावी, एवढाच त्याचा आशय. राजाची प्रशस्ती नाही, विजयाची घोषणा नाही. एका माणसाने दयेची याचना केली आणि ती दगडात राहिली.

अशाच घडणीचे, असाच लेख असलेले क्रूस केरळमध्ये कोट्टयम आणि इतर काही ठिकाणी आहेत. २००१ मध्ये गोव्यात झुआरी नदीकाठी आगशी परिसरातही असा एक क्रूस सापडला. आणि ही लिपी पाहायला मुंबईकरांना चेन्नईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत १००९ आणि १०२१ या वर्षांतील पहलवी लेख आहेत. बौद्ध लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तिथे कोरून ठेवली. पश्चिम किनारा आणि पूर्व किनारा, बौद्ध लेणे आणि ख्रिस्ती टेकडी, यांना एका लिपीचा धागा जोडतो.

जपणारे हात आणि पुसणारे हात

इथे अभ्यासकाने डोळे उघडे ठेवायला हवेत. पोर्तुगीजांनी मैलापूरची समाधी दुरुस्त केली, टेकडीवरची शिळा वेदीवर बसवली, लहान टेकडीवर १५५१ मध्ये चर्च बांधले. त्यांच्यामुळे ही स्थाने टिकली, हे मान्य करायला हवे.

पण ज्या परंपरेने ती शिळा घडवली, त्या परंपरेलाच त्यांनी जगू दिले नाही. १५९९ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपने केरळमध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. सिरियाक परंपरेतील अनेक ग्रंथ सदोष ठरवले गेले, आणि कित्येक जाळण्यात आले. समाजात असंतोष वाढत गेला. अखेर १६५३ मध्ये मट्टांचेरी येथे हजारो लोकांनी एका क्रूसाला दोर बांधून, तो दोर धरून, पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांचा अंमल न मानण्याची शपथ घेतली. आजचे केरळमधील ऑर्थोडॉक्स चर्च त्या शपथेतून पुढे आलेल्या प्रवाहाचे आहे.

मैलापूरच्या हिंदू परंपरेतही एक दुखरी आठवण आहे. मूळ कपालीश्वर मंदिर समुद्रकिनाऱ्यावर होते आणि पोर्तुगीज काळात ते नष्ट झाले, असे तिथे मानले जाते. सध्याचे मंदिर किनाऱ्यापासून आत आहे. सँथोम परिसरात जुन्या देवळांचे कोरीव आणि लेखयुक्त दगड सापडले आहेत. ही गोष्ट दडवून मैलापूरची यात्रा पूर्ण होत नाही.

मग या इतिहासाचे आपण काय करावे? ज्यांनी ग्रंथ जाळले त्यांचे कृत्य आणि ज्याने दयेची याचना कोरली त्याची प्रार्थना, या दोन गोष्टी एकाच धर्माच्या नावाने झाल्या. त्या एकाच तराजूत तोलू नयेत. असे तारतम्य आपण आपल्या परंपरेबाबत मागतो. तेच दुसऱ्यांनाही द्यावे.

पूल आणि पायऱ्या

मठाच्या वारशाची पुढची कडी आर्मेनियन लोकांच्या हाती होती. आर्मेनिया हे पश्चिम आशियातील प्राचीन ख्रिस्ती राष्ट्र. तिथले चर्च ऑर्थोडॉक्स कुटुंबातलेच आहे. मैलापूरची समाधी पोर्तुगीजांना १५१७ मध्ये प्रथम दाखवली, ती एका आर्मेनियन व्यापाऱ्यानेच.

अठराव्या शतकात खोजा पेत्रुस उस्कान हा धनाढ्य आर्मेनियन व्यापारी मद्रासला आला. यात्रेकरूंना माऊंटकडे जाताना अड्यार नदी ओलांडावी लागे. १७२६ मध्ये त्याने सैदापेटजवळ त्या नदीवर स्वखर्चाने पूल बांधला. यासाठी त्याने ३०,००० पॅगोडा खर्च केले असे सांगतात. पॅगोडा हे त्या काळचे दक्षिणेतील सोन्याचे नाणे. पुलाच्या दुरुस्तीसाठीही त्याने वेगळी रक्कम ठेवली. टेकडी चढायला दगडी पायऱ्या बांधल्या, त्याही शंभराहून अधिक.

उस्कानच्या देणगीतली एक बाब विशेष आहे. बहुतेक दाते बांधकामाला पैसे देतात आणि देखभाल विसरतात. त्याने दुरुस्तीचाही विचार केला. सेवा करणाऱ्या प्रत्येक गटाने हा धडा घ्यावा: उद्घाटनाचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण वास्तू टिकते ती दहाव्या वर्षी झाडणाऱ्यामुळे.

जुन्या पुलाच्या जागी आता मरैमलै अडिगल पूल आहे. पण उस्कानच्या पुलाचा फारसी, आर्मेनियन आणि लॅटिन भाषांतील स्मृतिलेख सैदापेटच्या बाजूला, गर्दीच्या रस्त्याकडेला आजही आहे. हजारो गाड्या त्याच्यासमोरून जातात.

आज तिथे कसे जावे

एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा आणि सकाळी लवकर निघा. पुढील क्रम सोयीचा आहे.

१. कपालीश्वराचे दर्शन घेऊन सँथोमला चालत जा. अर्ध्या तासाच्या आत पोहोचाल. आजची पांढरी, उंच मनोऱ्याची वास्तू १८९६ ची आहे. समाधीचे स्थान तळघरातील प्रार्थनागृहात आहे. तिथे शांत बसण्याची सोय आहे. दिव्याच्या दोन्ही कथा इथे बसून आठवाव्यात.

२. तिथून लहान टेकडीला, म्हणजे चिन्नमलैला जा. याच नावाचे, लिटल माऊंट असे मेट्रो स्थानक आहे. इथल्या गुहेत थॉमस प्रार्थना करत, अशी परंपरा आहे.

३. जवळच सैदापेटच्या पुलापाशी उस्कानचा लेख पाहा. वाहतूक मोठी असते, रस्ता जपून ओलांडा.

४. मेट्रोने सेंट थॉमस माऊंट स्थानकाला उतरा. तमिळमध्ये या टेकडीला परंगीमलै म्हणतात. टेकडी सुमारे ३०० फूट उंच आहे. वर गाडी जाते, पण ज्यांना शक्य आहे त्यांनी पायऱ्यांनीच चढावे. वरून विमानतळाची धावपट्टी आणि दूरवर पसरलेले शहर दिसते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात १८०२ मध्ये लॅम्बटन यांनी याच टेकडीजवळ केली. वरच्या लहान चर्चमध्ये वेदीवरची शिळा पाहा. १८ डिसेंबर हा इथला मोठा सण. त्या दिवशी गर्दी असते. शांतता हवी असेल तर इतर दिवस निवडा.

५. वेळ उरल्यास जॉर्ज टाउनमधील आर्मेनियन स्ट्रीटवरच्या आर्मेनियन चर्चला जा. सध्याची वास्तू १७७२ ची. स्वतंत्र घंटाघरात सहा मोठ्या घंटा आहेत. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदरार’ १७९४ मध्ये मद्रासलाच निघाले. ते काढणारे धर्मगुरू हारुथियुन श्मावोनियन याच अंगणात चिरविश्रांती घेत आहेत. आज शहरात आर्मेनियन वस्ती उरलेली नाही, पण अंगण झाडलेले असते.

या चर्चपासून जवळच, तंबू चेट्टी स्ट्रीटवर, कालिकांबाळ मंदिर आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी इथे दर्शन घेतले, ही आठवण मंदिराने जपली आहे. महाराजांची १६७७ ची दक्षिण मोहीम समकालीन इंग्रजी कागदपत्रांत नोंदलेली आहे. देवीच्या दर्शनाची आठवण परंपरेने चालत आली आहे. ती ऐकताना मराठी माणसाचा ऊर भरून येतो, आणि ते योग्यच आहे. थॉमसची कथा सांगताना केरळच्या माणसाला असेच भरून येते. आपल्या मनातला हा भाव ओळखला की दुसऱ्याच्या श्रद्धेपुढे आपोआप आवाज खाली येतो.

काही पथ्ये पाळावीत. उपासना सुरू असेल तर छायाचित्रे काढू नयेत. वेदीजवळ जाऊ नये. अंगभर कपडे असावेत. तिथल्या भाविकांशी थॉमसच्या आगमनाच्या तारखेवरून वाद घालू नये. आणि निघताना एखादी मेणबत्ती लावावीशी वाटली, तर संकोच करू नये. त्या जागी परधर्मीयाने लावलेल्या दिव्याची परंपरा निदान पाचशे वर्षांची आहे.

सार

मैलापूरचा मठ मोडला. पण दिवा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला: इराणी संन्याशाकडून मुसलमान रखवालदाराकडे, आर्मेनियन व्यापाऱ्याकडे, आणि आज अंगण झाडणाऱ्या अनाम सेवकाकडे. यातल्या बहुतेकांची नावे कोणालाच माहीत नाहीत. ज्या माणसांना आपले नाव राहावे याची फिकीर नव्हती, त्यांच्यामुळेच तीर्थे टिकली.

चिंतनासाठी आणि गटचर्चेसाठी

१. आपल्या गावात पडझड झालेले, कोणाचेच उरले नाही असे एखादे पवित्र स्थान आहे का? तिथे दिवा कोण लावतो? त्याला आपण कधी भेटलो आहोत का?

२. आपल्याला अतिशय प्रिय असलेली एक कथा घ्या. तिच्यात परंपरा किती, नोंद किती आणि वस्तू किती, हे प्रामाणिकपणे वेगळे करून लिहा. लिहिल्यावर श्रद्धा कमी झाली, की अधिक स्वच्छ झाली?

३. आपण चालवत असलेल्या एखाद्या उपक्रमाच्या देखभालीची सोय उस्कानसारखी केली आहे का? आपण नसताना तो कोण चालवील?

४. पुढील महिनाभर रोज एक ठरलेले लहान काम, कोणालाही न सांगता, एखाद्या सार्वजनिक किंवा पवित्र जागेसाठी करा. महिन्याअखेरीस मनात काय बदलले, ते स्वतःपुरते नोंदवून ठेवा.